पाण्याखालचा कणा

होसकोटे हे बंगळूरच्या पूर्वेला सुमारे पंचवीस किलोमीटरवर वसलेले गाव. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूरबरोबर याही गावाचा समावेश होता. गावालगत दक्षिण पिनाकिनी नदीच्या पाण्याने भरणारा विस्तीर्ण तलाव आहे. समुद्र मात्र पूर्वेकडे जा वा पश्चिमेकडे, शेकडो किलोमीटर दूर. अशा ठिकाणी बसून शिडाच्या नौकेच्या दुरुस्तीविषयी वाचायचे कशासाठी, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पण ठाण्याहून चेन्नईला जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग याच गावावरून जातो, आणि वीस-पंचवीस फुटांची जुनी नौका मालमोटारीवर चढवून कोठेही नेता येते. बंदरातील जागेचे भाडे ज्याला परवडत नाही असा मनुष्य नौका आपल्या अंगणात आणून ठेवतो आणि सवडीने तिची डागडुजी करतो. जगात अनेक ठिकाणी असे घडते. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरील बंगळूरच्या पठाराची कोरडी, मिठाचा अंश नसलेली हवा तर अशा कामास किनाऱ्यापेक्षाही अनुकूल आहे. का, ते पुढे येईलच.

नौकेचा कणा म्हणजे काय, हे समजण्यासाठी आधी कणा नसलेली नौका पाहू. कर्नाटकातील नद्यांवर आणि तलावांवर टोपलीसारखी गोल होडी दिसते. कन्नडमध्ये तिला हरिगोलु म्हणतात. बांबूच्या विणीवर कातडे किंवा डांबर लावलेले जाड कापड ताणून ती तयार करतात. ती हलकी असते, उथळ पाण्यात चालते, आणि नावाडी तिला डोक्यावर घेऊन घरी जाऊ शकतो. परंतु वल्हे थांबले की ती स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागते आणि वारा नेईल तिकडे वाहवत जाते. तिला पुढची बाजू नाही, मागची नाही, आणि पाण्याला धरून ठेवील असे खाली काही नाही.

शिडाच्या नौकेला हे चालत नाही. वारा शिडावर आडवा आदळतो, तेव्हा नौका बाजूला सरकू पाहते आणि कलंडूही पाहते. या दोन्ही गोष्टींना अडवणारा भाग म्हणजे तळाशी, पुढून मागे गेलेला कणा. आजचे नौकानयनपटू त्याला ‘कील’ म्हणतात. कोकणातील जुन्या सुतारांच्या बोलीत त्याला ‘पठाण’ हा शब्द आहे. पाण्यात उभ्या फळीसारखा उतरलेला कणा नौकेला आडवे सरकू देत नाही, म्हणून तिरक्या वाऱ्यातही ती पुढे जाते. आणि त्याच्या अंगी असलेले वजन तिला पुन्हा उभी करते. तंजावरची डुलणारी बाहुली तुम्ही पाहिली असेल. तिला कितीही आडवी पाडा, ती उठून बसते, कारण तिचे सारे वजन बुडाशी असते. समुद्रावर जाणाऱ्या अनेक नौकांच्या एकूण वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा एकट्या कण्याचा असतो, तो याचसाठी.

या कामी कणा किती मोलाचा आहे, हे अलीकडच्या दोन घटनांवरून दिसते. २०१८ साली भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी हे ‘तुरिया’ नावाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले होते. ही नौका गोव्यातील दिवाडी बेटावरच्या नौका-कारखान्यात बांधलेली होती. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिला उलथवले. डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. पण नौका पुन्हा सरळ झाली आणि पाण्यावर तरंगत राहिली. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत मोडक्या डोलकाठीसह ती उभी दिसते. तिसऱ्या दिवशी एका फ्रेंच जहाजाने टॉमी यांना वाचवले. याउलट मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ ही सुमारे चाळीस फुटी ब्रिटिश नौका ॲंटिग्वाहून इंग्लंडकडे परतत असताना अटलांटिक महासागरात नाहीशी झाली. काही दिवसांनी ती पालथी तरंगताना सापडली. तिची डोलकाठी वा शीड गेल्याचे महत्त्व नव्हते. तिचा कणाच निखळून पडला होता. चारही खलाशांचा ठावठिकाणा लागला नाही. चौकशी अहवालात म्हटले होते, की नौका पूर्वी तळाला घासली असताना झालेल्या इजांमुळे आणि त्यानंतर केलेल्या दुरुस्त्यांमुळे कण्याचा जोड दुबळा झाला असण्याची शक्यता आहे. यातील ‘दुरुस्त्यांमुळे’ हा शब्द जुनी नौका विकत घेणाऱ्याने नीट ध्यानात ठेवावा. वरून गुळगुळीत रंगवलेला कणा हा बरा झालेला कणा असतोच असे नाही.

लाकडी नौकांची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. कोकणात पावसाळा तोंडावर आला, की होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, ओंडक्यांवर टेकवतात आणि माडाच्या झापांनी शाकारून ठेवतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होईपर्यंतचा हा काळ जाळी विणण्याचा आणि होडीचे दुखणे-खुपणे पाहण्याचा. कण्याची पाहणी पाण्यात करता येत नाही, होडी उंच उचलावीच लागते. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत खडक कोरून केलेली मराठ्यांच्या काळातील गोदी आजही दिसते. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे आणि पाणी उतरले की तळ उघडा पडेल तेव्हा काम करायचे, ही तिची योजना. घरच्या अंगणातील चार टेकू आणि ही गोदी यांचे प्रयोजन एकच आहे.

लाकडी कण्याचे दोन शत्रू. पहिला, गोड्या पाण्याने येणारी कूज. होडीत साचून राहिलेले पावसाचे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा घातक, हे ऐकून नवख्याला आश्चर्य वाटते. पण लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात सहसा वाढत नाही. दुसरा शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा समुद्री जीव. त्याला सर्रास ‘किडा’ म्हणतात, पण तो किडा नव्हे. तिसऱ्या आणि कालवे ज्या शिंपल्यांच्या कुळातली, त्याच कुळातला तो आहे. लहानपणी टाचणीच्या डोक्याएवढ्या छिद्रातून तो आत शिरतो आणि आतल्या आत वाढत लांबच लांब बोगदे करतो. बाहेरून फळी शाबूत दिसते. म्हणून जुने सुतार कण्यावर लाकडी हातोडीने टकटक करीत जातात. धड लाकडाचा आवाज टणक येतो, पोखरलेल्याचा बद्द. जेथे शंका येते, तेथे अणकुचीदार टोचा दाबून पाहतात. पूर्वी तळाला चुना आणि चरबी यांचा लेप देत असत, तो या जीवाला अटकाव म्हणूनच.

कुजलेला भाग सापडला तर तो धड लाकूड लागेपर्यंत कापून काढावा लागतो. मग जुन्या व नव्या लाकडाला लांब तिरका छेद देऊन ती एकमेकांवर बसवतात. छेदाची लांबी जाडीच्या आठपट तरी असावी. आखूड जोड दिसायला सुबक दिसतो, पण जोर आला की पहिल्यांदा तोच उकलतो. कण्याला लागून असलेल्या पहिल्या फळीचा सांधा हे सगळ्यांत नाजूक स्थान. तेथे कापूस ठासून वर लेप भरतात.

याच सांध्याने एका प्रसिद्ध नौकेला जेरीस आणले होते, आणि ती नौका मुंबईत बांधलेली होती. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील अधिकारी मुंबईत असताना त्यांनी येथील कारागिरांच्या हातून सागवानी लाकडाची ‘सुहैली’ ही बत्तीस फुटी नौका बांधून घेतली. १९६४ साली ती पाण्यात उतरली. १४ जून १९६८ रोजी ते तिच्यातून इंग्लंडमधील फालमथ बंदरातून निघाले आणि कोठेही न थांबता, एकट्याने, पृथ्वीला वळसा घालून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतले. असे करणारे ते पहिले मनुष्य. पण प्रवासाच्या आरंभीच नौकेत पाणी येऊ लागले होते. अटलांटिकमध्ये वारा पडलेला पाहून त्यांनी पाण्यात बुडी मारली. तेव्हा कण्यालगतचा सांधा दोन्ही बाजूंनी उघडा पडलेला दिसला. एका श्वासात जेवढे होईल तेवढे काम करून वर यायचे, अशा रीतीने त्यांनी कापूस भरण्याचा प्रयत्न केला, कापूस टिकेना. मग डांबरात माखलेली कापडी पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकून सांधा झाकला आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा बसवला. मध्येच एक शार्क घुटमळू लागला, त्याला बंदुकीने मारावे लागले. ही डागडुजी उरलेला सारा प्रवास टिकली.

त्या नौकेवरचे दुसरे संकट मात्र पाण्याबाहेर आले. १९९७ साली तिला ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात मानाने ठेवण्यात आले. तेथील नियंत्रित, कोरड्या हवेत तिच्या सागवानी फळ्या आक्रसू लागल्या. तीन महासागरांनी जे केले नाही, ते बंदिस्त दालनाने आरंभले होते. २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तेथून बाहेर काढले आणि पुढे वर्षानुवर्षे खपून, स्वतःच्या हातांनीही बरेच काम करून तिचे नूतनीकरण केले. १४ जून २०१८ रोजी, प्रस्थानाच्या सुवर्णमहोत्सवी दिवशी, ‘सुहैली’ फालमथच्या पाण्यात पुन्हा होती. होसकोट्याच्या कोरड्या हवेबद्दल आरंभी जे म्हटले, त्याला येथे अपवाद जोडला पाहिजे. लाकडी नौका अंगणात आणली तर तिला गोणपाट भिजवून झाकावे आणि सावलीत ठेवावे, नाहीतर दुरुस्ती पूर्ण होईतो सांधे रुंदावलेले असतील.

घरी दुरुस्तीला येणारी आजची जुनी नौका बहुधा फायबरग्लासची असते आणि तिचा कणा लोखंडाचा किंवा शिशाचा, खालून बोल्टांनी जोडलेला असतो. शिसे पाण्याच्या अकरा पटींहून जड, ओतीव लोखंड सुमारे सातपट. म्हणून शिशाचा कणा लहान आकारात जास्त वजन देतो आणि गंजतही नाही. खडकावर आपटला तर तो चेपतो. लोखंड स्वस्त, पण गंजाचे माहेरघर. लोखंडापासून होणारा गंज मूळ धातूपेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे रंगाखाली एक लहान डाग पडला तरी तो फुगून वरचा रंग आणि भरण उचकटून टाकतो.

कामाचा प्रारंभ रंगाच्या डब्यापासून नव्हे, पाहणीपासून होतो. नौकेचे वजन कण्याखालील भक्कम ठोकळ्यांवर यावे आणि बाजूचे टेकू केवळ तोल सांभाळण्यापुरते असावेत. टेकू नौकेच्या अंगात रुतत असतील तर रचना चुकली आहे. यानंतर कणा आणि नौकेचे अंग जेथे मिळतात ती रेघ दोन्ही बाजूंनी बारकाईने पाहावी. तेथे केसासारखी भेग आहे काय? भेगेतून तांबूस ओघळ उतरले आहेत काय? नौका उचलून कित्येक दिवस झाले तरी तेथून पाणी झिरपते काय? मग आत उतरून बोल्टांचे नट पाहावेत आणि त्यांच्या भोवतालचे फायबरग्लास तडकले आहे का तेही पाहावे.

बोल्टांच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. गंजरहित म्हणून ओळखले जाणारे पोलाद हवेतील प्राणवायूच्या जोरावर टिकते, कारण त्याच्या पृष्ठावर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर सतत तयार होत असतो. सांध्यात मुरलेल्या, कोंडलेल्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू पोहोचत नाही; तेथे हा थर तुटतो आणि बोल्ट मध्येच कमरेसारखा बारीक होतो. वरचा नट चांदीसारखा चकाकत असतो! तेव्हा शंका असल्यास निदान एक बोल्ट काढून पाहण्याखेरीज दुसरा उपाय नाही. तो बारीक झालेला आढळला तर बाकीचेही तसेच समजावेत. येथे घरगुती कामाची हद्द संपते. शेकडो किलोंचा कणा उतरवणे, बोल्ट बदलणे आणि पुन्हा चढवणे यासाठी क्रेन आणि अनुभवी माणूस हवाच. पैसे वाचवावेत ते अन्यत्र. माझ्या मते जुनी नौका घेतानाच ही रक्कम किमतीत धरावी, आणि ती जमत नसेल तर व्यवहार सोडून द्यावा.

जोड शाबूत आहे असे ठरल्यावर उरते ते कष्टाचे, पण घरी होण्याजोगे काम. जुना रंग काढताना तोंडाला केवळ रुमाल बांधून भागत नाही. शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून तळाला लावतात त्या रंगात तांब्याची विषारी संयुगे असतात. फार जुन्या नौकेवर कथिलाची संयुगेही असू शकतात. त्यांच्या वापरावर २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारान्वये बंदी आहे. कणा शिशाचा असेल तर त्याची धूळ मुलांच्या मेंदूलाही अपाय करते. म्हणून घासकाम पाणी मारून ओलेच करावे, योग्य मुखवटा वापरावा, खाली ताडपत्री अंथरून खरवड गोळा करावी. ती तलावात किंवा गटारात सोडू नये. घरात लहान मुले असतील तर कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

लोखंडी कण्यावरचा गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत काढायचा, हे सर्वांना ठाऊक असते. फारसे ठाऊक नसते ते हे, की गंजाच्या बारीक खळग्यांत मीठ दडून राहते. ते तेथेच ठेवून वर उत्तम रंग दिला तरी महिन्या-दोन महिन्यांत फोड येतात. यास्तव घासावे, गोड्या पाण्याने धुवावे, वाळू द्यावे, नव्याने उमटलेला गंज पुन्हा घासावा, असे दोन-तीनदा करावे लागते. शेवटच्या घासणीनंतर मात्र वेळ दवडू नये. किनाऱ्यावरच्या दमट हवेत उघडे लोखंड काही तासांत तांबूस होते, होसकोट्यासारख्या ठिकाणी माघ-फाल्गुनात थोडी अधिक सवड मिळते. तरीही इपॉक्सीचा पहिला हात त्याच दिवशी बसला पाहिजे. पहाटे दव पडलेले असताना किंवा पावसाळी कुंद हवेत हे काम हाती घेऊ नये. इपॉक्सी नीट घट्ट होत नाही आणि तिच्यावर मेणचट थर येतो.

पहिला हात वाळल्यावर खळगे भरायचे. रंगारी आणि गॅरेजमधील कारागीर मोटारीचे पोचे ज्या लांबीने भरतात, ती येथे वापरण्याचा मोह अनेकांना होतो. स्वस्त आहे, लवकर वाळते, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. पण ती पाणी शोषते. समुद्रात वर्षभरही टिकत नाही. पाण्याखाली इपॉक्सीचेच भरण हवे. भरल्यानंतर लांब, किंचित लवचीक फळीला सँडपेपर लावून तिरके हात मारीत घासावे, म्हणजे उंचवटे आपोआप उतरतात. आखूड ठोकळ्याने घासले तर पृष्ठभाग लाटांसारखा होतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते तळहाताला कळते, तेव्हा डोळे मिटून हात फिरवून पाहावा. त्यानंतर इपॉक्सीचे आणखी चार-पाच हात आणि शेवटी शेवाळरोधक रंग. कण्याजवळ जस्ताचा ठोकळा बसवलेला असेल तर तो अर्धा झिजला की बदलावा. खाऱ्या पाण्यात शेजारी असलेल्या धातूंपैकी जस्त आधी झिजते आणि इतरांना वाचवते, एवढेच त्याचे काम. त्याच्यावर रंग मात्र चुकूनही लावू नये, नाहीतर ते निरुपयोगी होते.

जहाजाच्या कण्यात काही जण याहून मौल्यवान धातूही घालीत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील पारशी जहाजबांधे नव्या जहाजाच्या कण्यात विधिपूर्वक चांदीचा खिळा ठोकत असत. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरले. तेही असाच खिळा कण्यात घेऊन. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ते आजही तरंगते आहे. श्रेय खिळ्याला द्यावे की मलबारच्या सागाला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुरुस्त झालेली नौका पाण्यात उतरली की बघ्यांचे लक्ष शिडाकडे जाते. मालकाने मात्र आत उतरून फळ्या उचलाव्यात आणि तळाशी हात घालून चाचपावे. ओल लागली तर बोट जिभेला लावून पाहावे. गोडे पाणी असेल तर ते पावसाचे किंवा टाकीचे. लाकडी नौकेत पहिल्या दिवशी थोडे खारे पाणी येणारच. फळ्या फुगल्या, सांधे मिटले, की दोन-तीन दिवसांत ते थांबते. बोल्टांनी जोडलेल्या कण्याच्या नौकेत मात्र नटांभोवती ओंजळभर खारे पाणी दिसले, तरी निघून चाललेल्या क्रेनला हाक मारून परत बोलवावे.